खालून कापलेलं वाक्य

ताटलीतल्या शेळीच्या पेशींवरून वाडीतल्या एकाही बाईबद्दल काहीही सांगता येत नाही.

वसुधा, हे तुझं वाक्य. तू ते मला फोनवर दोनदा सांगितलं होतंस, आणि नीट उतरवलंय का म्हणून परत वाचूनही दाखवायला लावलं होतंस. ते छापून आलं नाही. या वेळी ते मी सगळ्यात वर घेतलं आहे. बातमी कापतात ती खालून, हे तुला मीच कधीतरी सांगितलं होतं.

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. वय, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, हे सगळं तुझ्या भावाने दिलं, मी तपासलं आणि आतल्या पानावर आलं. त्यात चूक एकही नाही. त्यात तूही नाहीस.

तुझ्या तेराव्याला तुमच्या घरी बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्या विषारी धातूंत हात घालून घालूनच गेली हो पोरगी." दोघीतिघींनी माना हलवल्या. मी म्हणाले, "तसं म्हणता येणार नाही. हृदय बंद पडलं. एका माणसावरून कारण ठरत नाही." अशा वेळी असं कुणी बोलत नाही. तुझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं आणि तो एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थोडासा हसला. हे बोलणं माझं नव्हतं, हे त्याला माझ्याआधी कळलं.

आपण कर्जतच्या एकाच शाळेत होतो, पण मैत्रिणी नव्हतो. तू पहिल्या बाकावर, मी खिडकीशी. मैत्री झाली ती पंचेचाळिशी गाठल्यावर, मटणाच्या दुकानात.

रविवारची सकाळ होती. मी दत्ताभाऊंच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. (दत्ताभाऊंचं नाव इथे बदललं आहे. का ते पुढे कळेल.) तुझ्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक. आणि तू रांगेच्या कडेकडेने पुढे आलीस, हातात लाल पट्टी चिकटवलेला स्टीलचा थर्मास. दत्ताभाऊंनी तो घेतला, आत गेले, भरून आणून तुझ्या हातात दिला.

"चहा गरम हाय ताई. हळू न्या."

माझ्या पुढचा माणूस वैतागला. "काय भाऊ, रांगेत आमी उभं आन् चहा त्यास्नी?"

"तुमाला नाय पचायचा त्यो," दत्ताभाऊ म्हणाले आणि खिम्याला लागले.

मी रांग सोडली आणि तुला कोपऱ्यावर गाठलं. वीस वर्षं बातमीदारी केलेल्या बाईने दुसरं काय केलं असतं? तू झाकण उघडून दाखवलंस. कोमट मिठाचं पाणी, आणि त्यात शेंगदाण्याहून थोडे मोठे, फिकट गुलाबी पाच-सहा तुकडे.

"शेळीचे अंडाशय," तू म्हणालीस.

"मग चहा कशाला म्हणायचं?"

"अगं, दत्ताभाऊ सगळ्यांना बोकडाचं म्हणून देतात. अंडाशय निघाले म्हणजे आत काय कापलं जातं ते कळेल ना. ही त्यांची अट आहे. मी पाळते."

माझ्या पिशवीत त्यांच्याकडूनच आदल्या रविवारी नेलेल्या मटणाचा डबा परत करायला होता. मी त्या डब्याकडे पाहिलं. तू हसून हसून थर्मास सांभाळत भिंतीला टेकलीस. "ही बातमी करू नकोस," म्हणालीस. ती मी केली नाही. दत्ताभाऊंनी गेल्या वर्षी शेळीची पाटी स्वतःच लावली, म्हणून आता लिहिते आहे.

तिथून आपण तुझ्या कॉलेजात गेलो. मागच्या अंगाची खोली, एक जुना इन्क्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक, आणि काचेची भांडी बुडवून ठेवलेला पातळ ॲसिडचा टब. भांड्यांना धातूचा कणही चिकटलेला राहता कामा नये, म्हणून ही अंघोळ. तू अंडाशयातल्या बारीक फोडांतून सुईने द्रव काढलास. त्यातल्या, अंड्याभोवती असणाऱ्या पेशी वेगळ्या केल्यास. काही ताटल्यांत कॅडमियमचा अगदी थोडा अंश घातलास आणि एका ताटलीत काहीच नाही. या शेवटच्या ताटलीला तू 'कोरी ताटली' म्हणायचीस. "बाकीच्या ताटल्यांत जे होईल ते कॅडमियममुळे झालं की आपोआपच होणार होतं, हे हिच्याशिवाय कळत नाही. हिच्याशिवाय सगळं गप्पा."

मी विचारलं, कॅडमियम नक्की करतं काय? जीन्स मोडतं?

तू थोडा विचार केलास आणि उलट मलाच विचारलंस, "तुमच्याकडे रोज बातम्या येतात, त्या सगळ्या छापता?"

"शक्यच नाही."

"कोण ठरवतं?"

"डेस्क. कुठली घ्यायची, कुठली टाकायची, कुठली पहिल्या पानावर, कुठली चार ओळींत."

"मग झालं. प्रत्येक पेशीत सगळा मजकूर असतो. डोळ्याच्या पेशीतही अंडाशयाचा मजकूर असतो, पण तिथे तो छापत नाहीत. कधी काय छापायचं, किती छापायचं, हे ठरवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या कितीतरी प्रथिनांना आपला आकार टिकवायला जस्ताचा एकेक कण लागतो. कॅडमियम जस्ताच्या जातीचं. ते जस्ताच्या खुर्चीत जाऊन बसतं. मजकुरात अक्षर बदलत नाही, निदान मी बघते तेवढ्या मात्रेत तरी नाही. डेस्कवर बसतं. मग जे मोठं यायला हवं ते बारीक येतं, जे नको ते पहिल्या पानावर."

आणि मग सांगितलंस की पेशीही गप्प बसत नाही. धातू आत शिरला की त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची जीन ती आधी जोरात चालू करते. घरात साप निघाल्यावर आपण आधी काठी शोधतो, तसं. संप्रेरकं बनवणाऱ्या यंत्रणेच्या जीन्सचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही. एका मात्रेत त्या मंदावतात, दुसऱ्या मात्रेत वाढतातसुद्धा.

"थोडक्यात, बिघडतं," मी म्हणाले.

"थोडक्यात नको. मात्रा लिही."

हे दोन शब्द मी तुझ्याकडून किती वेळा ऐकले याची गणती नाही. मात्रा लिही. कशात पाहिलं ते लिही. कोरी ताटली होती का ते लिही. आपण दोघी सांगण्याचंच काम करतो, असं मी म्हणायचे, आणि तू म्हणायचीस की नाही, मी विचारण्याचं काम करते. यावर आपलं कधी एकमत झालं नाही.

आता त्या बातमीबद्दल.

वाडी खालापूर तालुक्यातली. टोलनाक्यावरून गाड्या जातात तो आवाज तिथे ऐकू येतो, एवढ्या अंतरावर. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. वाडीच्या वरच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. शेड बंद पडून काही पावसाळे गेले होते, मालक कोण हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. खालच्या ओहोळात बायका वाळूत खड्डा करून, झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरत. तेच प्यायचं.

त्या पाण्याबद्दल मी त्याआधी तीनदा लिहिलं होतं. दर वेळी आतल्या पानावर, दोन कॉलम. वाडीने अर्ज दिले होते. काही झालं नव्हतं.

तू स्वतः येऊन पाणी नेलंस, बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतलंस. शिसं आणि कॅडमियम, दोन्ही पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर. तो कागद तू माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "पाण्याचं लिही. एवढंच पुरेसं आहे. बायकांचं काही लिहू नकोस, कारण बायकांचं आपल्याला काहीच माहीत नाही."

मला ते पुरेसं वाटलं नाही. पाण्याचं मी तीनदा लिहिलं होतं. मी बातमीत पाण्याचा कागद घातला आणि शेजारी तुझ्या ताटल्या घातल्या. दोन्ही खरं होतं. तू वाचलंस आणि एका अटीवर होकार दिलास: ते वाक्य आलं पाहिजे. मी ते घातलं. शेवटच्या परिच्छेदात.

सकाळी पेपर आला तेव्हा मथळा होता, वाडीच्या नावानिशी: बायका वांझ होण्याचा धोका? पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह असलं की आमच्या धंद्यात काहीही लिहिता येतं. शेवटचा परिच्छेद नव्हता.

तुझा फोन आला. तू ओरडली नाहीस. एवढंच विचारलंस, "माझं वाक्य?"

"डेस्कने कापलं," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत साहेब लोक आले. दोन महिन्यांत वाडीत नळ आला, वरच्या टाकीतून, स्वच्छ पाण्याचा. मी नळाचा फोटो काढून तुला पाठवला. तू उत्तरात लिहिलंस, चांगलं झालं.

त्याच सुमारास काशी तुझ्या दारात आली. काशी हे तिचं खरं नाव नाही. एकोणीस-वीस वर्षांची होती, वाडीतली, लग्न ठरलेली. मी तेव्हा योगायोगाने तुझ्याकडेच होते. तिने पदराच्या टोकातून कात्रण काढलं. घडी पडून पडून मधोमध फाटलेलं.

"ताई, हितं लिवलंय ते खरं हाय का?"

"त्यात माझ्या ताटल्यांचं जे आहे ते शेळीचं आहे," तू म्हणालीस. "शेळीच्या पेशी, काचेच्या ताटलीत."

"आमचं नाय?"

"नाही."

काशीने कात्रणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेळीचं हाय, तर शेळीचं नाव लिवायचं. आमच्या वाडीचं कशापायी लिवलं?"

मी वीसेक वर्षं मंत्र्यासंत्र्यांना प्रश्न विचारत आले आहे. या प्रश्नावर मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्या बाजूने बोलली नाहीस. मोडलेलं लग्न तिने मग दोन वाक्यांत सांगितलं. मुलाची वाडी कशेळ्याच्या पुढे. तिथे कुणीतरी पेपर वाचून दाखवला. निरोप आला, नको.

दुसऱ्या दिवशी तू रजा टाकलीस. आपण दोघी कर्जतहून जीपने कशेळ्याला गेलो आणि तिथून पुढे पायी. मुलाच्या मामाने अंगणात घोंगडी टाकली, पाणी दिलं. तू त्याला सगळं समजावून सांगितलंस. शेळी, ताटली, मात्रा. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, तुमी शिकल्याल्या हाव. एवढंच लिवून द्या, पोर धड हाय. आमी लगीन लावतो."

"ती धड नाही असं कुठेही लिहिलेलं नाही."

"मंग धड हाय ते लिवा."

"कुणाला मूल होईल, कुणाला नाही, हे मी कुणाबद्दलच लिहून देऊ शकत नाही. तुमच्या मुलाबद्दलही नाही."

ओट्यावर बसलेल्या बाया खळखळून हसल्या. "बग रं, तुज्या भाच्याचंबी लिवून मागतो का!" एक म्हातारी म्हणाली. मामा हसला नाही. आपण उठलो तेव्हा तो वाट दाखवायला थोडं अंतर आला.

कशेळ्याच्या नाक्यावर जीप भरेपर्यंत आपण बाकड्यावर बसलो होतो. मी भजी घेतली, तू हात लावला नाहीस. मला तुझा फार राग आला होता.

"एक ओळ लिहून दिली असतीस तर तिचं लग्न झालं असतं."

"खोटी ओळ."

"खोटी कशावरून? तुलाच माहीत नाही."

"माहीत नाही तेच तर लिहिता येत नाही ना. आणि उद्या तिला मूल झालं नाही तर? डॉक्टरीणबाईंनी पोरगी धड म्हणून लिहून दिलीय, म्हणून दोष देवाचा, नाहीतर करणीचा. माझं पत्र दाखवून तिलाच मारतील."

"मी बातमी दिली नसती तर नळ आला नसता."

"कशावरून?"

"तीनदा लिहिलं होतं वसुधा. तीनदा."

"चौथ्यांदा नुसत्या पाण्याच्या कागदावर आला असता की नसता, हे आता कधीच कळणार नाही. तुझ्या धंद्यात कोरी ताटली नसते." मग तू भज्याचा कागद माझ्या हातातून घेतलास, उगाच घडी घातलीस आणि म्हणालीस, "बातमीतलं सगळं खरं होतं, गं. पेशीतलाही सगळा मजकूर खराच असतो. डेस्कवर कोण बसलं होतं एवढाच प्रश्न आहे."

मी जीपमध्ये किती माणसं बसली ते मोजू लागले.

"ते वाक्य तू ठेवलं कुठे होतंस?"

"शेवटी. तुम्ही लोकही तुमच्या मर्यादा शेवटीच लिहिता."

"आमचं शेवटपर्यंत छापतात," तू म्हणालीस.

जीप भरली. ड्रायव्हरने हाक मारली. तू पुढे बसलीस, मी मागे, आणि मध्ये कर्जतपर्यंत सात माणसं. तो वाद तिथेच राहिला. नंतर आपण शेकडो गोष्टींवर भांडलो, त्यावर पुन्हा नाही. मला वाटतं तू मला जागा दिली होतीस. मी ती घेतली नाही.

त्या प्रसंगानंतर तू काशीला प्रयोगशाळेत भांडी धुण्याच्या कामाला घेतलंस. उपकार म्हणून नव्हे. तुला खरंच माणूस हवं होतं आणि तिचा हात स्वच्छ होता. पहिल्याच आठवड्यात तू तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस. ती बराच वेळ बघत राहिली. "ह्या व्हय त्या?" म्हणाली. "ह्यांच्यापायी माजं लगीन मोडलं?" आणि मग, "गोजिऱ्या हायती पन." तू मला हे फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज जरा वेगळा होता.

नंतर तिला आणखी दोन स्थळं आली. दोन्ही वेळा कुणाला तरी कात्रण आठवलं. मग तिनेच घरी सांगितलं, आता बघू नका. रविवारी दत्ताभाऊंकडे थर्मास नेण्याचं काम अलीकडे तीच करायची. दत्ताभाऊ तिलाही म्हणायचे, चहा गरम हाय. पाटी लागल्यावरही म्हणायचे. सवय.

तुझा शेवटचा प्रयोग मला नीट समजला होता, कारण तू तो चारदा समजावलास. धातू दिलेल्या पेशी धुऊन घ्यायच्या, त्यांना स्वच्छ खाद्य द्यायचं आणि बघायचं, बदललेलं काय परत येतं. काही जीन्स पूर्ववत होतात. काहींवर खूण राहून जाते, धातू गेला तरी. कुठल्या, किती काळ, कुठल्या मात्रेनंतर, हे तुला बघायचं होतं. "नळ आला, पाणी बदललं, पुढे काय, हा खरा प्रश्न आहे," म्हणालीस. "पण हे वाडीबद्दल आहे असं लिहू नकोस." मी म्हणाले, नाही लिहिणार. तुझा विश्वास बसला का माहीत नाही.

तू गेल्यानंतर आठव्या दिवशी काशीने मला बोलावलं. खोली रिकामी करून द्यायची होती. इन्क्युबेटर चालूच होता. आत तुझ्या ताटल्या होत्या, तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. काशीने एकेक सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बघायला लावली. पेशी सुटून वर तरंगत होत्या. मेलेल्या. आठ दिवस त्यांचं खाद्य कुणी बदललं नव्हतं.

शेवटची ताटली कोरी होती. तिच्यातही तेच. धातूची आणि कोरी, आता दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

"हीबी टाकायची?" काशीने विचारलं.

"टाकायची."

तिने टाकली नाही. हातात धरून उभी राहिली. मी टबाजवळ हातमोजे घालून भांडी विसळत होते. आणि मी तिला सांगितलं. का तेव्हा, ते मला सांगता येणार नाही. वाडीची बातमी दिली त्या संध्याकाळी डेस्कवरून फोन आला होता. आठ ओळी जास्त होताहेत, म्हणाले, कुठून काढू? शेवटचा परिच्छेद मला पाठ होता. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. मथळा काय जाणार हेही त्यांनी वाचून दाखवलं होतं. मी म्हणाले, "खालून घे."

डेस्कने कापलं नाही, वसुधा. मी कापलं. त्या खुर्चीत मी होते.

मला नळ हवा होता. हे कारण खरं आहे. पहिलं पान हवं होतं, हेही खरं आहे. दोन्हींची मात्रा मला सांगता येत नाही.

काशीने इन्क्युबेटरचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, "पानी तुमच्यामुळं आलं हाय. माजी आय अजून तुमचं नाव काडते. आन् लगीन तुमच्यामुळं मोडलं. दोनी हाय."

"मी तसं केलं नसतं तर बरं झालं असतं का?"

"मला काय म्हाईत?" तिने हातातली ताटली जरा वर धरली. "मी एकच हाय. माजी कोरी कुटं ठेवलीय कुनी?"

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, हे मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. ती ताटली टबात सोडत तिने विचारलं, "ताईला सांगितलं हुतं का कदी?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली. ती बोलायची बंद होईल म्हणून."

"आता तर बंदच झाली," काशी म्हणाली. मग भांडी पालथी घालत म्हणाली, "मंग आता सांगा की. पेपरात सांगा. माजं लगीन पेपरात मोडलं, घरात नाय."

म्हणून हे लिहिलं.

तुला हे माहीत होतं का, हे मी गेले सतरा दिवस शोधते आहे. नाक्यावरचा तुझा प्रश्न मी उलटसुलट करून पाहिला. ज्या बाईला पेशीच्या आतलं डेस्क दिसत होतं तिला माझं दिसलं नसेल, हे पटत नाही. आणि तरीही तू दर रविवारी फोन करत राहिलीस, माझ्या बातम्यांत मात्रा शोधत राहिलीस, कापलेल्या वाक्याचा विषय परत काढला नाहीस. याला क्षमा म्हणायचं की प्रतीक्षा, मला ठरवता येत नाही. तू म्हणाली असतीस, मग ठरवू नकोस. एवढंच लिही की माहीत नाही.

माहीत नाही.

जे माहीत आहे ते असं. तुझी ओळख झाल्यापासून अमक्यामुळे तमकं झालं असं लिहिताना माझा हात थांबतो. पूर्वी थांबत नसे. काशीने कॉलेजात तुझ्या जागी येणाऱ्या माणसासाठी भांडी धुऊन, कोरडी करून, कापडाखाली झाकून ठेवली आहेत. तुझी वही तिने माझ्याकडे दिली नाही. म्हणाली, ज्याला ताटल्या लावता येतील त्यालाच देणार. वाडीतला नळ सकाळी दोन तास चालतो. काशीला मूल होईल की नाही, याबद्दल कुणालाही, आजही, काहीही सांगता येत नाही. तिला ते विचारायचा अधिकारही कुणाला नाही.

डेस्कला मी कळवलं आहे की लेख लांबला तर नेहमीप्रमाणे खालून कापावा. तुझं वाक्य वर आहे. माझं मध्ये आहे. यापुढे जे उरलं ते गेलं तरी चालेल.

परवाच्या रविवारी मी दत्ताभाऊंच्या दुकानात गेले. रांग होती. मी कडेने पुढे झाले नाही, नंबर येईपर्यंत उभी राहिले. काशीने भरायला ठेवलेला थर्मास त्यांच्याकडेच राहिला होता, मागच्या फळीवर, लाल पट्टीचा. त्यांनी तो खाली घेतला, स्वच्छ फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. रिकामा होता. दोघांनाही ते माहीत होतं.

"हळू न्या, ताई," दत्ताभाऊ म्हणाले.

मी हळू नेला.